आखूड पास

तो मला पहिल्याच भेटीत काका म्हणाला आणि माझ्या बायकोला वहिनी. माझं डोकं तिथेच फिरलं. आम्ही दोघं एक तर काका-काकू असायला हवं होतं, नाहीतर दादा-वहिनी. पण चोवीस वर्षांच्या त्या मुलाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे पाहिलं आणि आमच्या दोघांच्या मध्ये एक अख्खी पिढी घालून ठेवली. ही दिवसभर खूश होती. "नजर चांगली आहे मुलाची," असं तिने परतीच्या वाटेवर गाडीत दोनदा सांगितलं.

ही गोष्ट २००७ सालची, मिशिगनमधल्या नोव्हायची. उन्हाळा सरत आला होता. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होतो आणि दर रविवारी सकाळी दोन तास आमच्या मराठी मंडळींच्या फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक होतो. या तिन्हींत मला सगळ्यात जास्त अभिमान शेवटच्या गोष्टीचा होता, हे आधीच कबूल करतो.

फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकन. लांबट बॉल हाताने फेकायचा. प्रत्येक डाव क्वार्टरबॅकपासून सुरू होतो. बॉल त्याच्या हातात येतो, बाकीचे चहूकडे पळत सुटतात आणि कुणाला फेकायचा ते तो ठरवतो. टीव्हीवर दिसते तशी धडकाधडकी आमच्यात नव्हती, कारण सोमवारी सगळ्यांना ऑफिसला जायचं असायचं. आम्ही कमरेच्या पट्ट्याला दोन फिती लावायचो. पळणाऱ्याची फीत उपटली की तो बाद. टीममध्ये पुण्याचे, मुंबईचे, नाशिकचे सगळे होते आणि सगळे जन्मजात क्रिकेटवाले होते. पहिली दोन वर्षं बॉल एक टप्पा पडून हातात आला तरी आमची माणसं "वन टिप, वन टिप" करत नाचायची. पंच म्हणून एका शाळेतले पी. टी.चे गोरे मास्तर यायचे. ते बिचारे शिट्टी तोंडात धरून नुसते बघत राहायचे.

मी क्वार्टरबॅक झालो तो लेकीमुळे. २००१ मध्ये आम्ही इथे आलो तेव्हा ती सात वर्षांची होती. शेजारी तिच्या वयाचं कुणी नव्हतं. शाळेतून ती हा खेळ शिकून आली आणि गॅरेजसमोरच्या उतारावर मला उभं करून म्हणाली, "बाबा, यू थ्रो, आय रन." सुरुवातीला माझा बॉल मेलेल्या कबुतरासारखा खाली यायचा. अंगठा कुठे ठेवायचा, बॉल सुटताना मनगट कसं वळवायचं, हे सगळं तिने मला दाखवलं. पुढे मराठी मंडळाची टीम निघाली तेव्हा बॉल माझ्या मालकीचा होता आणि ज्याची बॅट तो कॅप्टन हा गल्लीतला कायदा सगळ्यांच्या रक्तात होता. मी कॅप्टन झालो आणि कॅप्टनच क्वार्टरबॅक हे ओघानेच आलं.

आता ती तेरा वर्षांची झाली होती. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं आणि तेही खोलीच्या बंद दाराआडून. मराठी शाळेत मी तिला तीन वर्षं नेलं होतं. बाराखडी पाठ झाली, पण वाचायला बसवलं की ती जांभया द्यायची. शेवटी मी नाद सोडला. रविवार मात्र तिने एकही सोडला नव्हता. कितीही थंडी असली तरी ब्लँकेट गुंडाळून ती मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसायची आणि घरी येताना माझ्या खेळाबद्दल दोन वाक्यं बोलायची. "दॅट थर्ड वन वॉज प्रिटी गुड, बाबा." एवढ्यावर माझा आठवडा जायचा. मी क्वार्टरबॅक नसतो तर ती रविवारी उठलीही नसती. ती जागा मला कशासाठी हवी होती, तर एवढ्यासाठीच.

आणि तिथे हा नागपूरकर आला. त्याच्या कंपनीने त्याला इथल्या प्रोजेक्टवर पाठवलं होतं. कॉलेजात तो क्रिकेट खेळला होता आणि सीमारेषेवरून थेट स्टंपवर फेकण्याबद्दल त्याचं म्हणे नाव होतं. मी त्याला म्हटलं, हा बॉल वेगळा असतो, यायला वेळ लागतो. "जी काका," म्हणून त्याने बॉल घेतला, आडवा उभा राहिला, एक पाऊल टाकलं आणि फेकला. आमचा मुंबईचा गडी, जो मला बॉल देण्यासाठी माझ्या पुढ्यात वाकून उभा असतो, तो पलीकडच्या टोकाला बाटलीतून पाणी पीत होता. बॉल त्याच्या पायाशी पडला. माझ्या उमेदीच्या काळातसुद्धा मी तिथपर्यंत पोचलो नव्हतो. सगळे एकदम बोलायला लागले. मी मागे वळून पाहिलं तर लेक खुर्चीतून उठून उभी राहिली होती. सहा वर्षांत माझ्या एकाही पासला ती उठली नव्हती.

नव्याचे नऊ दिवस, असं मी स्वतःला बजावलं. दहाव्या दिवशीही तो तसाच फेकत होता.

माझ्या उजव्या खांद्यातून ऑगस्टपासून कळ यायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाम चोळायचो तो बाथरूमचं दार लावून, पण बामाच्या वासाला दार अडवत नाही. त्या वर्षी टीव्हीवरही योगायोगाने हाच वाद चालू होता. चार धिप्पाड माजी खेळाडू टाय बांधून बसायचे आणि भांडायचे की टीमने अनुभवी क्वार्टरबॅकला ठेवावं की नव्या दमाच्या पोराला संधी द्यावी. मी सोफ्यावरून अनुभवी माणसाची वकिली करायचो. नुसत्या हाताने होत नाही, डोकं लागतं. जुनं ते सोनं.

"सोनं असतं तर लॉकरमध्ये ठेवलं असतं," बायको म्हणाली. "रोज बाम नसता चोळावा लागला."

मी त्याला क्वार्टरबॅक केलं नाही. लांब पळून बॉल झेलायच्या कामावर लावलं. आधी नियम पक्के कर, आमचे डाव शिक, मग बघू, असं सांगितलं. आमच्या डावांना मराठी नावं होती. गोऱ्यांच्या टीमशी खेळताना ती उघड ओरडता यायची. 'वरात' म्हणजे सगळ्यांनी एकाच बाजूला गलका करत जायचं. 'सुरळीची वडी' म्हणजे मी बॉल घेऊन कडेकडेने सरकायचं. 'पाहुणा' म्हणजे एकाने दूर जाऊन बसायचं आणि सगळ्यांनी त्याची वाट बघायची. थोडक्यात, लांब पास. ही सगळी नावं मी एका कागदावर लिहून, वर प्लास्टिक चढवून त्याला दिली. मला वाटलं, महिनाभर पाठ करत बसेल.

तर तो शनिवारी तो कागद घेऊन आमच्याच घरी आला. मी दुकानातून परतलो तेव्हा गॅरेजसमोरच्या उतारावर तो आणि लेक पास-पास खेळत होते. तिच्या हातात माझा कागद होता. ती काहीतरी ओरडायची, मग पळायची आणि तो फेकायचा. उतारावर त्याने तिच्या रंगीत खडूंनी डावांची चित्रं काढली होती, गोल, फुल्या, बाण आणि शेजारी नावं. 'वडी'तल्या ड ला त्याने ही एवढी लांब शेपटी काढली होती. ती हसत होती. तोंड भरून, दातांच्या तारांची लाज न बाळगता.

मला काय वाटलं ते सांगतो. ती जागा माझी होती. त्या उतारावर उभं राहून माझ्या लेकीला बॉल फेकायची जागा जगात एकाच माणसाची होती आणि त्याने ती कुणाला न विचारता घेतली होती. मी पिशव्या आत नेल्या, चहा केला, त्याला दिला आणि तो गेल्यावर बागेतला पाइप लावून सगळा उतार धुऊन काढला.

"पाऊस येणार होता की उद्या," बायको खिडकीतून म्हणाली.

पुढच्या शनिवारी नावं पुन्हा लिहिलेली होती. त्याच्या पुढच्या शनिवारीसुद्धा.

आता डब्लिनबद्दल सांगायला हवं. आयर्लंडचं नव्हे, ओहायोमधलं. मिशिगन आणि ओहायो या दोन राज्यांचं फुटबॉलवरून पिढ्यान् पिढ्या वैर आहे आणि आम्ही इथे येऊन इतर काही शिकलो नसलो तरी हे वैर मनापासून शिकलो. दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी नोव्हायचे मराठी आणि डब्लिनचे मराठी यांची एक मॅच व्हायची. एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. यजमानांनी मिसळ करायची. हरणाऱ्यांनी भांडी घासायची. आणि जिंकणाऱ्या कॅप्टनने मंडळाच्या हिवाळी अंकात मॅचचा वृत्तांत लिहायचा. पाच वर्षांत मी दोनच वृत्तांत लिहिले होते. टीम कॅप्टनने निवडायची आणि गुरुवारी सगळ्यांना ईमेल करायची, ही आमची पद्धत होती.

त्या बुधवारी मुंबईच्या गड्याने मला फोन केला. "यार, ह्या वेळेला त्याला फेकू दे ना. कॅप्टन तूच आहेस, ते कोण काढून घेतंय? सगळ्यांचं तेच म्हणणं आहे."

"सगळ्यांचं म्हणजे कुणाचं?"

"सगळ्यांचं," तो म्हणाला आणि विषय बदलला.

गुरुवारी लंचमध्ये मी ऑफिसात ईमेल लिहायला बसलो. क्वार्टरबॅक या शब्दापुढे मी त्याचं नाव टाइप केलं. वाचलं. दिसायला अगदी बरोबर दिसत होतं, त्याचाच मला राग आला. मॅचला लेक येणार होती. तीन तास गाडीत बसून ती माझी मॅच बघायला येणार होती, का त्याची? मी नाव खोडलं, माझं घातलं आणि खाली लिहिलं, 'अटीतटीच्या सामन्यात अनुभवाला पर्याय नसतो.' हे वाक्य टीव्हीवरच्या त्या टायवाल्यांपैकी एकाचं होतं. पाच मिनिटांत त्याचं उत्तर आलं, सगळ्यांना जाईल असं. 'मस्त काका. ऑल द बेस्ट. मी पळतो.' बाकी कुणाचंच उत्तर आलं नाही.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. पण डब्लिनचं ते मैदान खरोखरच एका बाजूला उतरतं होतं, हे मी आजही सांगेन. पहिल्या अर्ध्यात माझे छोटे पास नीट गेले. नंतर थंडी वाढली आणि खांदा धरला. आठ-दहा पावलांच्या पुढे फेकायचं म्हटलं की डोळ्यांपुढे तारे चमकायचे. डब्लिनवाले काही खुळे नव्हते. ते पुढे सरकून उभे राहायला लागले. नागपूरकर दर वेळी दूर मोकळा उभा राहून हात वर करायचा आणि दर वेळी मी त्याला न बघितल्यासारखं करून जवळच्या कुणाला तरी द्यायचो. वेळ संपत आला तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो. एकच डाव उरला होता. एक टचडाउन झालं असतं, म्हणजे बॉल शेवटच्या रेघेपलीकडे नेता आला असता, तर सहा गुण आणि मॅच.

आम्ही गोल करून उभे राहिलो. मुंबईचा गडी माझ्याकडे न बघता म्हणाला, "लांबच फेकायला लागणार आता."

नागपूरकर बुटाची नाडी बांधत होता आणि ती बांधून कधीच झाली होती. माझ्या डोळ्यांपुढे ब्लँकेट गुंडाळून उभी असलेली लेक होती. बॉल त्याच्याकडे दे, मी पळतो, एवढं एकच वाक्य मला म्हणायचं होतं. मी म्हटलं, "पाहुणा. मी फेकतो."

तो पळाला. डब्लिनचे दोघं त्याच्या मागे लागले. मी होतं नव्हतं ते सगळं लावून फेकला आणि बॉल हातातून सुटतानाच मला कळलं की हा पोचत नाही. तो चांगला पंधरा पावलं आखूड पडत होता. नागपूरकराने मागे वळून पाहिलं, करकचून थांबला आणि उलटा माझ्या दिशेने धावत आला. ते दोघं वेगात पुढे निघून गेले, एक घसरून पडला. गवताच्या दोन बोटं वर, वाकून, गुडघा न टेकता त्याने बॉल उचलल्यासारखा झेलला, धडपडला, सावरला आणि पडलेल्याला वळसा घालून रेघेपलीकडे गेला.

डब्लिनचा कॅप्टन "वन टिप, वन टिप" ओरडायला लागला, म्हणजे बॉल आधी गवताला टेकला, झेल धरू नका. आमच्याच गल्लीतलं भूत आमच्यावर उलटलं. पंचांनी मान हलवून दोन्ही हात वर केले. टचडाउन होतं.

सगळे माझ्या अंगावर पडले. का पडले, ते त्यांनाही नीट माहीत नसावं. तेवढ्यात तो धापा टाकत आला आणि सगळ्यांसमोर, माझी बायको आणि लेक चार पावलांवर असताना म्हणाला, "काका, मुद्दाम शॉर्ट ठेवला ना? ते दोघं बरोब्बर पुढे निघून गेले. मानलं जी."

मी त्याच्याकडे पाहिलं. चेहरा अगदी सरळ होता.

"हो," मी म्हटलं. "दिसले मला ते पुढे जाताना."

येताना गाडी बायकोने चालवली, कारण मला हात वर होईना. टोलेडो शहर मागे पडेपर्यंत लेक मागच्या सीटवर कानात गाणी लावून बसली होती. मग तिने एका कानातला इअरफोन काढला.

"बाबा, युअर आर्म हर्ट्स."

"थोडा."

"सिन्स व्हेन?"

"ऑगस्ट."

"ही केम बॅक फॉर इट," ती म्हणाली. "एव्हरीवन थिंक्स इट वॉज यू."

बायको रस्त्याकडे बघत होती. मला वाटलं होतं मला राग येईल, पण आला नाही, उलट सुटल्यासारखं झालं. निदान एका माणसासमोर नाटक करायला नको होतं. मी म्हटलं, "वृत्तांत मलाच लिहायचा आहे. त्यात लिहितो तसं."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

तिने पाय माझ्या सीटच्या पाठीला टेकवले, लहानपणी टेकवायची तसे, आणि घर येईपर्यंत काढले नाहीत.

दोन आठवड्यांनी मी वृत्तांत लिहायला बसलो. मिसळ छान लिहून झाली, मैदानाचा उतार तर फारच छान झाला. शेवटच्या डावाशी आलो आणि अडलो. 'कॅप्टनचा पास आखूड पडला' असं लिहिलं. मग वाटलं, हे दीडशे घरांत जाणार. आणि सगळ्यांना वाटणार, बरोबर, त्यालाच फेकू द्यायला हवं होतं. त्या आठवड्यात मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात सगळी पोरंसोरं त्याच्याभोवती होती, माझी लेकसुद्धा. मी ते वाक्य खोडलं. नवीन वाक्य असं होतं: 'बचावपटूंचा वेग हेरून कॅप्टनने मुद्दामच थोडा अलीकडे टाकलेला अचूक पास आमच्या खेळाडूने टिपला.' त्याला नुसतं 'आमच्या खेळाडूने' म्हटलं. मत्सर माणसाला किती बारीक काम करायला लावतो ते बघा.

संध्याकाळी लेकीने विचारलं, "डिड यू राइट इट? रीड इट टू मी."

मी कागद हातात धरला. वाचून दाखवण्यात कसली भीती? तिला कुठे वाचता येत होतं? शेवटच्या डावाशी आल्यावर मी कागदाकडे बघत, न अडखळता वाचलं, "कॅप्टनचा पास आखूड पडला, पण नागपूरचा आमचा मित्र मागे फिरला, आणि ही मॅच त्याने जिंकून दिली."

"आखूड म्हणजे शॉर्ट?"

"हो."

"गुड," ती म्हणाली आणि माझ्या दुखऱ्या खांद्याला धक्का न लावता मला मिठी मारून गेली.

डिसेंबरमध्ये नागपूरकराचं प्रोजेक्ट संपलं आणि त्याला टेक्सासला पाठवायचं ठरलं. मला झालेला आनंद मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही. बायकोने त्याला रविवारी जेवायला बोलावलं आणि त्याच्यासाठी पाटवडीचा रस्सा केला. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, माझ्यासाठी तिने कधी इंटरनेटवर रेसिपी शोधली नव्हती. आदल्याच दिवशी हिवाळी अंक पोस्टाने आला होता आणि टेबलाच्या कडेला पडला होता. फोटो बघायचा म्हणून लेकीने तो ओढला. फोटोत मी मधोमध, बॉल हातात. तो कडेला अर्धा कापलेला.

तिने फोटोवरून बोट खाली आणलं आणि मजकुरावर ठेवलं. बोट हळूहळू सरकायला लागलं. ओठही हलायला लागले. माझा घास हातातच राहिला.

"कॅप्... कॅप्टनने... मुद्दा... मुद्दाम..."

"अरे वा," बायको म्हणाली. "हे कधी शिकलीस?"

"शनिवारी," ती वर न बघता म्हणाली. "ही मेड मी रीड द प्लेज. ऑफ बाबाज शीट." आणि पुढे वाचायला लागली. "थोडा... अली... अलीकडे... टाकलेला... अ... चू... क." ती थांबली. "व्हॉट्स अचूक?"

तिने विचारलं मला. मी रश्शाकडे बघत राहिलो. नागपूरकर हळू आवाजात म्हणाला, "बरोब्बर. म्हणजे, मिस नाही झालेला."

तिने पुन्हा ते वाक्य पाहिलं, मग मला पाहिलं. "बाबा, दॅट्स नॉट व्हॉट यू रेड."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी रागावू शकलो असतो. तीन वर्षं शाळेत नेऊन मला जे जमलं नाही ते या माणसाने माझ्याच कागदावरून, माझ्याच उतारावर, मी पाइपने धूत असताना तिला शिकवलं होतं. आणि पहिल्यांदा तिने आपणहून मराठीत जे वाचलं, ते माझं खोटं होतं.

मी त्याला म्हटलं, "पास आखूड पडला होता. मुद्दाम नव्हता. तेवढाच जात होता माझा."

"माहीत होतं काका."

"मग तेव्हा तसं का बोललास?"

त्याने पोळीचा तुकडा मोडत लेकीकडे मान केली. "ही उभी होती ना तिथं," तो म्हणाला. "मला वाटलं, हिच्यासमोर कशाला."

ते त्याला सुचलं होतं, मला नाही. तेव्हाही खरं सांगायचं तर आधी हेवाच वाटला आणि लाज त्याच्या मागून आली.

लेक उठली आणि फ्रिजवरचं पेन घेऊन आली. 'अचूक'वर तिने एक आडवी रेघ मारली, नीट, पट्टी धरल्यासारखी. मग पेन तसंच धरून त्याला विचारलं, "आखूड कसं लिहायचं?"

आमच्या घरात कित्येक वर्षांत तिने पहिल्यांदा असा अख्खा प्रश्न मराठीत विचारला होता आणि तो त्याला विचारला होता. त्याने तोंड उघडलं. मग मिटलं.

"काकांना विचार," तो म्हणाला.

ती माझ्याकडे वळली नाही. पण पेन तिने कागदावरून उचललं नाही, वाट बघत राहिली. "आ," मी म्हटलं. "मग ख. त्याला मोठा ऊकार. मग ड." ती एकेक अक्षर लिहीत गेली आणि लिहून झाल्यावर अंक माझ्यापुढे सरकवला, बरोबर आहे का ते बघायला.

तो अंक अजून माझ्या कपाटात आहे. बाकीच्या दीडशे घरांत तो पास अचूक आहे. आमच्या घरात तो आखूड आहे. अक्षर तिचं आहे, सांगितलं मी होतं, पण त्या ड ला एक ही एवढी लांब शेपटी आहे. ती मी शिकवलेली नाही, आणि दिसली की अजूनही पोटात थोडं दुखतं.